कोंडिबा गुरुजींचा अर्धा न्यूट्रॉन

कोंडिबा ढमाले गुरुजींचा आवाज काढायचा असेल तर आधी घशात बोराची आठळी अडकलीय असं समजायचं. मग मान जरा पुढे काढून, समोरच्याच्या पाया पडल्यासारखं म्हणायचं, "सर, आमाला कळंना." एवढं जमलं की गुरुजी जमले. मला ते दुसऱ्या आठवड्यातच जमलं. मधल्या सुट्टीत मी ते करून दाखवायची आणि आमचा पौडच्या हायस्कूलचा अकरावीचा, त्या वेळच्या एस.एस.सी.चा अख्खा वर्ग, म्हणजे चौदा मुलगे आणि माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी, बाकांवर हात आपटून हसायचा.

गुरुजी आमचे गुरुजी नव्हते. ते आमच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे. वय छत्तीस. डोक्याला पांढरी टोपी, अंगात कोपराला ठिगळ लावलेला कोट, आणि बाकाखाली पाय मावत नाहीत म्हणून ते वाटेत पसरलेले. त्यांची स्वतःची शाळा तळ्याच्या पलीकडे, करपेवाडीला. बारा घरांची वाडी, एक खोली, एक मास्तर. चौदा वर्षं तेच. बाजाराच्या दिवशी वाडीतली पोरं आईबापाबरोबर हिरडा नाहीतर सरपण घेऊन खाली येतात, म्हणून त्या दिवशी त्यांच्या शाळेला सुट्टी. तेवढा एक दिवस गुरुजी होडीनं तळं ओलांडून, पुढं मिळेल त्या गाडीनं नाहीतर पायी, पौडला यायचे आणि हेडमास्तरांच्या परवानगीनं आमच्यात बसायचे.

कारण असं की, त्यांचं शिक्षण जुनं, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. त्रेसष्ट सालच्या पावसाळ्यात त्यांना शाळाखात्याच्या ऑफिसातून कागद आला : चौसष्टच्या जूनपर्यंत एस.एस.सी. पास व्हा, नाहीतर नोकरी संपली. मराठीत, इतिहासात, गणितातसुद्धा ते पूर्वीच्या दोन खेपांना चांगले पास झालेले. सामान्य विज्ञानात मात्र एकदा सव्वीस आणि एकदा एकोणतीस. पास व्हायला पस्तीस लागतात.

"मास्तर गेला तर साळा गेली," माझी आत्या सारजाबाई सांगायची. ती करपेवाडीलाच दिलेली. "ह्येच्या आदी दोन मास्तर धाडले हुते. एक आटवडाभर ऱ्हायला आन् तापाचं सोंग करून गेला. दुसरा तर होडीतनं उतारलाच न्हाई. बसल्या बसल्या इचारतो, 'बाई, इथं पोस्ट आहे का?' म्हनलं, न्हाई. 'दवाखाना?' न्हाई. 'मग काय आहे?' म्हनलं, आमी हाय की. त्याच होडीनं म्हागारी!" आत्या सांगते ती आवाजासकट सांगते. आमच्या घरात हे रक्तातच आहे.

तर गुरुजींचं घोडं अडलं होतं ते क्लोरीनपाशी.

आमचे विज्ञानाचे ओगले सर पुण्याचे. आवाज बारीक, नाकातून येणारा, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "असं पाहा". तो आवाज तर मला पहिल्याच महिन्यात जमला होता. सरांनी फळ्यावर अणू काढला. मध्ये गर्भ, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉनची वर्तुळं. "असं पाहा. प्रोटॉनचं वजन एक. न्यूट्रॉनचं वजन एक. इलेक्ट्रॉनचं धरायचं नाही. क्लोरीनमध्ये प्रोटॉन सतरा. म्हणून त्याचा अणुक्रमांक सतरा. त्याचा अणुभार साडेपस्तीस. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं. शेवटच्या बाकावरून घशात आठळी अडकली.

"सर, आमाला कळंना."

"काय कळत नाही, ढमाले?"

"परोटॉन एक वजनाचा. न्यूट्रॉन बी एकच वजनाचा. दोन्ही फुटत न्हाईत, आसं तुमीच म्हनला. मंग बेरजंत अर्धा आला कुटनं?"

सरांनी पुस्तक पाहिलं. मग पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलं. "असं पाहा, क्लोरीनची समस्थानिकं असतात. दोन प्रकारचे अणू, वजनं पस्तीस आणि सदतीस, तक्त्यातली जागा एक. त्यांच्या मिश्रणामुळे अणुभार साडेपस्तीस. एवढंच लिहायचं. पुढचं अभ्यासक्रमात नाही."

"वजन येगळं आन् जागा येक, ती कशी काय सर? आन् मिसळलं म्हनून येका अनूला अर्धा कसा चिकटंल?"

"अहो ढमाले, दोन गुणांचा प्रश्न आहे तो!"

"दोन गुनांचा आसंल सर. पर खरा आसंल तर कळाया पायजे."

आम्ही पोटं धरून हसलो. पुढच्या बाजारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बाजारी पुन्हा तेच. "सर, त्यो अर्धा." सर आता त्यांचा हात वर दिसला की फळ्याकडे तोंड करायचे.

तुम्ही म्हणाल, पाठ करून टाकायचं, त्यात काय एवढं? मीही त्यांना तेच म्हटलं होतं. "गुरुजी, 'दोन समस्थानिकांच्या मिश्रणामुळे' एवढं घोका की. आम्हाला तरी कुठं कळलंय?"

गुरुजी माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना चोरीचा रस्ता दाखवला होता. मग हळूच म्हणाले, "जयाबाई, मागल्या खेपंला पेपरात हाच प्रश्न हुता. मी उत्तर लिवलं."

"काय लिहिलं?"

"लिवलं की, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात आहे, परंतु ते मला पटलेले नाही."

मी हसून हसून बाकावर आडवी झाले. ते हसले नाहीत. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी ऑफिसचा तो कागद काढला, घडी उघडली, परत घातली. "चवदा वरसं पोरांना सांगत आलो, न समजता हो म्हनायचं न्हाई. आता मीच कसं म्हनू? आन् न्हाई म्हनलं तर साळा जाती. सांगा आता."

काय सांगणार? मी सोळा वर्षांची. मला त्यांचा आवाज तेवढा सांगता येत होता.

थंडीत त्यांची दशा बघवेना. दाढी वाढलेली. होडीवाल्या धाकलूला विचारायचे, "धाकलू, न फुटनाऱ्या वस्तूचा अर्धा कसा हुतो?" धाकलू म्हणायचा, "मास्तर, वल्हं मारताना इचारू नगा. मलाबी उलटं वाटाया लागतंय." पोस्टमास्तरांना विचारलं. पौडच्या बाजारात वाल्मीकशेट दुकानदाराला विचारलं. वाल्मीकशेट म्हणाले, "अर्धा किलो पाहिजे का? साखर की गूळ?" गुरुजींची बायको साळूबाई आत्याजवळ रडली. हा माणूस जेवताना ताटातली शितं मोजतो आणि मधेच पानावरून उठतो म्हणे.

एके दिवशी तर वर्गात त्यांनी सरांचे पायच धरले. खरोखर. तास संपला, सर निघाले, आणि हा एवढा मोठा माणूस दारात वाकला. "सर, मी पाया पडतो, येकदा त्यो अर्धा दावा. दोन म्हैने ऱ्हायले." ओगले सर तांबडेलाल झाले. "असं पाहा, ढमाले... उठा, उठा हो... मुलं बघताहेत." आणि पाय सोडवून निघून गेले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मीसुद्धा.

पण पुढच्या बाजारी मला पुन्हा चेव आला.

माघातली गोष्ट. मधली सुट्टी होती. गुरुजी अजून यायचे होते. होडीला उशीर झाला असेल असं आम्ही धरून चाललो. मी टेबलामागे उभी राहिले, नाक चिमटीत धरल्यासारखा आवाज केला आणि ओगले सर सुरू केले. पोरं म्हणाली, ढमाल्यांना उत्तर दे. मी दिलं. काय बोलायचं ते आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडात येईल ते.

"असं पाहा, ढमाले. क्लोरीनचा तो अर्धा पुण्यात शोधून सापडायचा नाही. तो पडलाय तुमच्या करपेवाडीच्या कणगीत! पायलीनं मापा. मग तराजूत घाला. वाटल्यास त्या वाघजाईच्या कणगीतही हात घाला. अर्धा सापडला की मगच इथं या!"

वर्ग खिंकाळला. मी कमरेत वाकून मुजरा केला. आणि त्या दिवशी गुरुजी आलेच नाहीत.

ते आले होते, हे आम्हाला नंतर कळलं. व्हरांड्यात वहाणा काढत होते. आतून सरांचा आवाज ऐकला, सर आपल्यालाच सांगतायत असं वाटलं, आणि वहाणा परत पायात घालून माघारी वळले. वाटेत वाल्मीकशेटच्या दुकानातून तराजू आणि नव्या किलोची वजनं मागून घेतली. गुरूनं अभ्यास दिला, तो केल्याशिवाय तोंड कसं दाखवायचं?

पुढचं मी पाहिलेलं नाही. आत्यानं सांगितलेलं, पण तुम्ही तिथंच होतात असं समजा.

करपेवाडीत भात एकच, आंबेमोहोर. बियाणंही एकमेकांकडून घेतलेलं. पण बारा घरांतली नऊ घरं वरच्या अंगाला, त्यांची खाचरं डोंगराच्या उतारावर. तीन घरं खालच्या अंगाला, त्यांची खाचरं तळ्याकाठी गाळाची. गुरुजी पायलीचं माप आणि तराजू घेऊन दारोदार गेले. लोकांना वाटलं सरकारनं धान्याची लेव्ही बसवली. वरच्या आळीचा काळू म्हणाला, "मास्तर, तुमी बी का? साळा सोडून वसुलीला लागला?"

"वसुली न्हाई, काळूदादा. अभ्यास हाय. येक पायली मापू द्या, जोखतो आन् म्हागारी वततो."

वरच्या घरांची पायली भरली अडीच किलो. नऊच्या नऊ घरी, थोडं इकडंतिकडं, अडीचच. खालच्या घरांची भरली दोन किलो सातशे. गाळाचं भात भरीव. गुरुजींनी वहीत लिहिलं आणि रात्रभर त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. अर्धा काही सापडला नाही.

राहिली वाघजाई देवीची कणगी.

ही कणगी देवळाच्या पडवीत असते. मळणी झाली की दर घरानं एक पायली भात तिच्यात ओतायचं, आणि चैत्री पौर्णिमेला त्याचाच सगळ्या वाडीला भात. ते मापायचा मान गोजराबाईचा. वाडीतली सर्वांत म्हातारी. पायली भरली की ती तळहातानं वरून सपाट करते आणि म्हणते, "झाली." मग ती ज्याची त्याची राहत नाही, देवीची होते. आणि देवीचं भात मापायचं असतं, जोखायचं नसतं. तराजू व्यापाऱ्याच्या दारात. देवीच्या दारात काटा लावणं म्हणजे तिच्यावर आणि एकमेकांवर अविश्वास. हे करपेवाडीत शेंबडं पोरही जाणतं. चौदा वर्षं तिथं राहिलेले गुरुजीही जाणत होते.

तरी त्यांनी सकाळी आंघोळ केली, ओल्या धोतरानं देवळात गेले, देवीला म्हणाले, "आई, सरांनी सांगितलंय," आणि कणगीतलं पायलीभर भात काढून आढ्याला टांगलेल्या तराजूत ओतलं.

दोन किलो साडेपाचशे.

पुन्हा काढलं. ढवळून काढलं. तळातलं काढलं. दोन किलो साडेपाचशे, कधी दहा ग्रॅम इकडं, कधी तिकडं. वाडीत एकाही घरी साडेपाचशेचं भात नव्हतं. एकाच्याही नाही! गुरुजी तिथंच बसले. बोटांवर मोजायला लागले. नवाला तीन. तिनाला एक. तीन पायल्या अडीचच्या, एक सातशेची, मिळून दहा किलो दोनशे. भागिले चार. दोन किलो साडेपाचशे.

मग त्यांनी काय मोजलं असेल ते तुमच्या लक्षात आलंच. तीन अणू पस्तीसचे. एक अणू सदतीसचा. मिळून एकशे बेचाळीस. भागिले चार.

"साडेपस्तीस!" गुरुजी एवढ्यांदा ओरडले की देवळामागं धुणं धुणारी आत्या धोपटणं हातात घेऊन धावत आली. "दाना फुटलेला न्हाई, सारजाबाई! येक बी दाना फुटलेला न्हाई! कणगीत हात घातला तर साडेपाचशेवालं भात हितं हायेच न्हाई! ही नुसती सरासरी हाय!"

आत्याला दिसला तराजू. तिनं बोंब ठोकली.

वाडी गोळा झाली. आधी सगळे गुरुजींवर तुटून पडले. देवीच्या भाताला काटा लावला! मास्तर बाटला! काळू म्हणाला, "उद्यापासनं येक पोरगं साळंला धाडनार न्हाई." आणि गुरुजी आनंदात आपली वही दाखवतायत, हे बघा, वरचं अडीच, खालचं सातशे! झालं. खालच्या आळीचा भिकू पुढं झाला. "काय म्हनला मास्तर? आमचं जड भरलं?"

"व्हय की, भिकूदादा. दोनशे ग्राम."

"म्हंजी वरसानुवरसं देवीला आमी जास्ती घालतोय, आन् पयला परसाद वरच्या आळीला? आता आमचा मान पयला! पंगतीला वर आमी बसनार!"

"तू गाळाच्या जिवावर उड्या मारतो काय रं?" काळू धावला. "आमचं हलकं म्हनतोस? आमी उतारावर कंबर मोडतो!"

"काटा खोटं बोलतो का?"

"मास्तरनं लावलाय त्यो काटा!"

कॉलर धरल्या गेल्या. वर आणि खाली असे दोन तट उभे राहिले. जन्मभर एका कणगीतलं जेवलेली माणसं. आणि मधे गुरुजी, ओल्या धोतरात, वही छातीशी धरून. अर्धा सापडला होता आणि शाळा त्यांच्या डोळ्यांदेखत बुडत होती. "माझ्यापायी भांडू नगा," ते म्हणत होते, पण ऐकतो कोण.

तेव्हा गोजराबाई काठी टेकीत आली. तिनं तराजूकडे पाहिलं आणि त्यातलं भात दोन्ही हातांनी कणगीत परत ओतलं.

"भिक्या, तू किती पायल्या घातल्या?"

"येक."

"काळ्या, तू?"

"येकच की, म्हातारे."

"मंग? हितं जागा मोजनीनं मिळती. जोखून न्हाई. येक पायली घातली त्याची येक जागा. कुनाची जड आसंल, कुनाची हलकी आसंल, ती वल्या-सुक्या जमिनीची गोस्ट. पंगतीत पाट त्योच. चला, निगा घरला."

कॉलर सुटल्या. तेवढ्यात गुरुजी पुन्हा ओरडले.

"गोजराबाई! आवं, मोजनीनं जागा! सतरा परोटॉन म्हंजी सतरावी जागा! न्यूट्रॉन कितीबी आसूंद्या, जड का हलका, पाट त्योच! आवं, ह्येच की समस्थानिक!" आणि त्यांनी म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं.

गोजराबाई काळूला म्हणाली, "पोरं धाड साळंला. मास्तर बाटलेला न्हाई. येडा झालाय."

दंड म्हणून गुरुजींनी देवीला आणखी एक पायली घातली आणि पायरीवर नाक घासलं. घासताना हसत होते म्हणे.

पुढच्या बाजारी ते दाढी करून आले. सरांना म्हणाले, "सर, तुमी सांगितल्यापरमानं केलं. सापडला."

"मी? मी काय सांगितलं?" ओगले सर म्हणाले.

मी मान खाली घालून पुस्तकात नाक खुपसलं. शेजारचीनं मला ढोसलं.

"थोर मानसं आसंच म्हनत्यात," गुरुजी म्हणाले, आणि परवानगी मागून फळ्यापाशी गेले. त्यांनी कणगी काढली. नऊ घरं, तीन घरं. गोजराबाईचा तळहात. मग कणगी पुसली आणि तिच्या जागी क्लोरीन ठेवला. दहा मिनिटांत आम्हा सोळा जणांना जे वर्षभर कळलं नव्हतं ते कळलं. अगदी मलाही. त्यांच्या घशातली आठळी कुठं गेली होती कोण जाणे.

सर खिडकीपाशी उभे राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "असं पाहा, ढमाले. परीक्षेत एवढं लिहायचं नसतं. दोन ओळी लिहा आणि पुढं चला. समजलं?"

"व्हय सर," गुरुजी म्हणाले. पण त्यांचं लक्ष अजून फळ्यावरच होतं.

मार्चमध्ये पुण्याला परीक्षा. केंद्र एकच. विज्ञानाचा पेपर सुटला, आम्ही बाहेर पिंपळाच्या पाराजवळ उभे. प्रश्न आला होता! क्लोरीनचा अणुभार पूर्णांकात का नाही? मी दोन ओळी लिहिल्या होत्या, सरांच्या शब्दांत. गुरुजी सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. बोटं शाईनं निळी, तोंड उजळलेलं.

"गुरुजी, आला ना प्रश्न? लिहिलंत?"

"लिवलं! सात पानं. पुरवनी घ्याया लागली. कणगीची आकृती बी काढली. कायबी सोडलं न्हाई."

"आणि बाकीचे प्रश्न?"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मग शाळेच्या इमारतीकडे पाहिलं, जिथं आता शिपाई दारं लावत होता.

"आदीचं लिवलं हुतं, पुडच्यांना येळच ऱ्हायला न्हाई," ते म्हणाले. आवाज परत आठळीवर आला होता. "निम्मं झाल्यावर वाटलं, सोडावं, पुडं जावं. पर जयाबाई, हातच थांबंना. येवड्या दिसांनी कळलेलं..."

ते पाराच्या कडेला बसले आणि उठेनात. एसटीची वेळ झाली तरी उठेनात. शेवटी दोघातिघांनी काखेत हात घालून त्यांना उठवलं.

जूनमध्ये निकाल लागला. मला विज्ञानात एकसष्ट. कोंडिबा ढमाल्यांना बत्तीस.

आठ दिवसांत दुसरा कागद आला. ह्या वेळी त्यात जूनपर्यंत वगैरे काही नव्हतं. करपेवाडीच्या काळूनं आणि भिकूनं मिळून अर्ज केला. दोघांचे अंगठे एका कागदावर. नव्या मास्तराची नेमणूक झाली आहे असं उत्तर आलं. तो मास्तर आजपर्यंत आलेला नाही.

मी जूनच्या अखेरीला आत्याकडे चालले होते. होडी पलीकडच्या काठाला लागली तर तिथं गुरुजी उभे. पायापाशी शाळेची पत्र्याची पेटी. तीत हजेरीपट, नकाशा आणि घंटा. पौडला ऑफिसात जमा करायला निघालेले. मागे साळूबाई एका गाठोड्यावर बसलेली. धाकलू मिठाची पोती उतरवत होता, म्हणून वेळ होता.

"पास झालात, लई ब्येस," ते म्हणाले. "ओगले सरांना येक सांगाल? म्हनावं, मी चुकलो. त्यांनी सांगितलं हुतं, दोन वळी लिवा. मी आयकलं न्हाई. पर कणगीत बघायला धाडलं, ते उपकार लई मोठं."

मी म्हटलं, "गुरुजी, ते सर नव्हते."

"आं?"

"कणगीत बघा म्हणणारे. ते सर नव्हते. मी होते. मी सरांचा आवाज काढते. थट्टा करत होते तुमची."

मला वाटलं ते रागावतील. मी मार खायला तयार होते. त्यांनी पेटीची कडी चाचपली.

"म्हंजी सरांना ठावं न्हवतं?"

"नाही."

"आन् पेपर तपासनाऱ्याला?"

"काय माहीत, गुरुजी."

"मंग बरोबर हाय का चूक, हे मला कुनीच सांगितलं न्हाई अजून," ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा त्या दिवशी दारात सरांचे पाय धरताना झाला होता. "गोजराबाईला क्लोरीन ठावं न्हाई. तुमाला पोरांना मीच शिकवलं. सरांनी नुसतं, येवडं लिवू नगा, आसं म्हनलं. सात पानं लिवली, जयाबाई. साळा गेली त्याच्यापायी. आन् चूक आसंल तर?"

"चूक नाही, गुरुजी!"

"तुमच्या आवाजात नगं," ते म्हणाले. टोपी नीट केली, कोटाची बटणं लावली, आणि त्या चिखलात, पेटीशेजारी, ताठ उभे राहिले. "सरांच्या आवाजात सांगा."

साळूबाई बघत होती. धाकलू पोतं खांद्यावर घेऊन थांबला. मी नाकातून आवाज काढायचा प्रयत्न केला, पहिल्यांदा फुटला. दुसऱ्यांदा आला.

"असं पाहा, ढमाले. तुमचं उत्तर बरोबर आहे."

"अर्धा कुटं हाय, सर?"

"कुठंच नाही. ती सरासरी आहे."

"आन् जागा?"

"मोजणीनं. वजनानं नाही."

"व्हय सर," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी पेटी उचलली. आत घंटा एकदा वाजली. साळूबाई गाठोडं घेऊन उठली. धाकलूनं होडी धरून ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, पेटी मधी ठिवा. येका अंगाला वजन आलं तर कलती."

"आता मास्तर न्हाई रं मी," गुरुजी आत चढत म्हणाले.

"मंग काय म्हनू?"

गुरुजींनी पेटी मधोमध ठेवली, तिच्यावर हात ठेवून बसले, आणि वाडीकडे पाठ केली. धाकलूनं वल्हं टाकलं.